शिक्षण कर कोणाच्या शिक्षणासाठी?

घरपट्टीचे देयक हाती आले म्हणजे नाशिकचा सुशिक्षित नागरिक प्रथम तळाची बेरीज पाहतो, कपाळाला आठ्या घालतो आणि सवलतीची मुदत हुकू नये म्हणून पैसे भरून मोकळा होतो. त्या बेरजेच्या वर कोठे तरी ‘शिक्षण कर’ अशी एक ओळ असते. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा कर राज्य सरकारचा आहे. १९६२ च्या कायद्याने शहरांतील जमिनी व इमारती यांवर तो बसविला गेला; महापालिका तो वसूल करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. शिक्षणाच्या प्रसारासाठी म्हणून साठांहून अधिक वर्षे नाशिककर हा कर भरीत आले आहेत. त्याचे पुढे काय होते, हे विचारण्याची वेळ आता आली आहे असे आम्हांस वाटते.

वेळ आली आहे असे म्हणण्याचे कारण राज्याच्या तिजोरीची अवस्था. १० मार्च २०२५ रोजी विधिमंडळास सादर झालेल्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ४५,८९१ कोटी रुपयांची महसुली तूट दाखविण्यात आली. राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटींची आणि कर्जाचा डोंगर नऊ लाख कोटींच्या पलीकडचा. महसुली तूट याचा अर्थ साधा आहे. घर बांधण्यासाठी कर्ज काढणे समजण्यासारखे आहे. परंतु महिन्याचा किराणा कर्जावर चालू लागला म्हणजे कुटुंबप्रमुखाने बसून विचार केला पाहिजे. त्याच अंदाजपत्रकात लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. गरीब भगिनीच्या हाती दरमहा पंधराशे रुपये पडतात याचे आम्हांस दुःख नाही. मात्र मे २०२५ मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय व आदिवासी विकास या खात्यांचा पैसा वळविला गेला आणि खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली, हे विसरता येत नाही.

बरे, सरकारने नवे उत्पन्न आणावे कोठून? २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराची जुनी किल्ली राज्यांच्या कनवटीची गेली. केंद्र सरकार प्राप्तिकरावर आरोग्य व शिक्षण उपकर घेते खरे, पण उपकराच्या उत्पन्नात राज्यांना वाटा नसतो. राहता राहिले मुद्रांक शुल्क, वाहनकर, इंधनावरील कर आणि मद्य. जून २०२५ मध्ये मद्यावरील शुल्क सरकारने भरघोस वाढविले. १९३७ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळे अधिकारावर आली तेव्हा दारूच्या उत्पन्नावर मुलांच्या शाळा चालविणे गांधीजींना असह्य झाले होते, आणि स्वावलंबी नई तालीमच्या कल्पनेमागे ती व्यथाही होती. आज तसा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही.

तूट भरून काढण्याचा दुसरा मार्ग काटकसरीचा, आणि काटकसरीची कात्री प्रथम लहान शाळेवर चालते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला. कागदावर तो वाईट नाही. दोन शिक्षक आणि नऊ मुले यांपेक्षा ग्रंथालय, प्रयोगशाळा व क्रीडांगण असलेली मोठी शाळा कोणास नको आहे? परंतु कागदावरचे दोन कोस आणि श्रावणातले दोन कोस एक नसतात. आमच्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात, भाम धरणाने विस्थापित झालेल्या दरेवाडीची शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे धाडण्याचे ठरले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती मुले शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेच्या दिशेने निघाली. दप्तरे परत घ्या आणि आम्हांला शेळ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. धरणासाठी ज्यांनी जमीन दिली त्यांच्या लेकरांनी सरकारला इतक्या थोड्या शब्दांत इतके बोचरे सांगावे, हे वाचून आमची मान खाली गेली.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी तक्रार केली होती की सरकारचे उत्पन्न रयतेच्या घामातून येते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो. आज शिक्षण कर शहराच्या घरांवर आहे, आणि तरीही पाड्यावरची शाळाच खर्चिक ठरते.

सरकारपक्षाचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. शिक्षणावर होणारा खर्च या कराच्या उत्पन्नापेक्षा कितीतरी पट अधिक आहे, शिक्षकांच्या वेतनातच त्याचा मोठा भाग जातो, मग वेगळा हिशेब कशाला? हे उत्तर अर्धे खरे आहे. याच सरकारने रोजगार हमीसाठी वेगळा कर बसविला, १९७७ च्या कायद्याने त्याचा स्वतंत्र निधी केला आणि तितकीच रक्कम आपल्या पदरची घालण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. मजुराच्या कामासाठी जे करता आले ते त्याच्या मुलाच्या शाळेसाठी का करता येऊ नये? जुलै २०२५ मध्ये अंशतः अनुदानित शाळांचे शिक्षक आझाद मैदानावर पावसात बसले होते. अनुदानाच्या पुढच्या टप्प्याची मागणी घेऊन ते तेथे आले होते. टप्पा मंजूर होता, पैसा नव्हता.

दोष एकट्या सरकारचाही नाही. २०१८ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांनी घरपट्टीचे दर वाढविले तेव्हा हे शहर खवळून उठले होते. त्या गदारोळात कर किती, हे सर्वांनी विचारले. कर कशासाठी, हे फार थोड्यांनी. आमच्या वर्गाने आपली मुले महापालिकेच्या शाळांतून केव्हाच काढून घेतली आणि त्यांबरोबर आपले लक्षही काढून घेतले. ज्या शाळेच्या दारात वकील, डॉक्टर, संपादक कधी पाऊल टाकीत नाहीत, तिचे छप्पर गळते हे मंत्रालयास कळणार कसे?

आमची मागणी मोठी नाही. नाशिक शहरातून शिक्षण करापोटी किती रक्कम गेली आणि तिच्यातून जिल्ह्यातील कोणत्या शाळांना काय मिळाले, याचा तक्ता सरकारने दरवर्षी अंदाजपत्रकासोबत प्रसिद्ध करावा, आणि महापालिकेने तो घरपट्टीच्या देयकामागे छापावा. ती बाजू कोरीच असते. तो तक्ता निघेपर्यंत जिल्ह्यातील एकही पाड्यावरची शाळा काटकसरीच्या नावाखाली बंद होऊ नये.