चावी शेजारच्या काकूंकडे
गणपतीला चाकरमानी कोकणात निघाले की डोंबिवली-विरारच्या इमारतींत दारोदार कुलुपं लटकतात. बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे घरात कुणी नसल्याची पाटीच. त्यापेक्षा दारातलं लॅच बरं. पेपर-दूध बंद, रेग्युलेटर बंद, दागिने लॉकरमध्ये. बँकेच्या हलगर्जीने तिथून चोरी झाली, तर २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत भरपाई मिळते. घरच्या कपाटाला तेवढाही वाली नाही. एक चावी मात्र शेजारच्या काकूंकडे हवीच. जिन्यात अनोळखी पाऊल वाजलं की त्या दार उघडून ‘कोण पाहिजे?’ विचारतात, कॅमेरा नुसता बघत बसतो. आणि पेणला गाडी अडकल्याचा सहकुटुंब सेल्फी लगेच स्टेटसला कशाला? परतल्यावर टाका, फोटोतले मोदक शिळे होत नाहीत.