फोटोतला वेग

माझा भाचा बेंगळूरला असतो. हौशी लोकांनी इंजिन, चाके, सायलेन्सर बदलून घेतलेल्या वेगवान मोटारींचे फोटो तो मासिकांसाठी काढतो. मे महिन्याच्या सुटीत गेलो, तेव्हा पहाटे उठवून म्हणाला, "मामा, चला मदतीला."

रिकाम्या रस्त्यावर गाडी उभी होती. रबरी कपांनी तिला चिकटवलेला लांब दांडा, त्याच्या टोकाला कॅमेरा. आणि इंजिन बंद! मालक स्टिअरिंगवर बसले, आम्ही तिघे मागून ढकलू लागलो. "निधान, निधान!" भाचा ओरडत होता. कॅमेऱ्याचा पडदा तीन-चार सेकंद उघडा राहतो. कॅमेरा गाडीबरोबरच सरकतो, म्हणून गाडी स्पष्ट येते. रस्ता आणि चाके मात्र पुसट. दांडा नंतर संगणकावर पुसून टाकतात.

मासिकात ती गाडी दीडशेच्या वेगाने सुसाट निघालेली दिसली.

आमच्या कॉलेजातला एक मुलगा गेल्या वर्षी हायवेवर असाच वेग गाठायला गेला. अजून कुबडी घेऊन वर्गात येतो. त्याच्या वहीवर असाच एक फोटो चिकटवलेला आहे. परवा त्याला आमच्या ढकलण्याची हकिकत सांगितली. तो हसला, मग बराच वेळ गप्प बसला.

तुमच्याही घरात असा फोटो असेल. पोरांना ढकलणाऱ्यांविषयीही सांगा.