एका घरात राहतो, हे कागदावर कसे दाखवाल?



या खेपेला तुरीवर लिहायचे ठरवले होते. पण परवा सकाळी आपले एक वाचक पुसदला कामाला आले ते तडक माझ्याकडेच आले. त्यांचा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला आहे. तिथल्या एका मोठ्या पाणी-खेळाच्या उद्यानाचे वर्षाचे पास तो काढणार होता. घरच्या माणसांना सवलत होती, पण सगळे एकाच पत्त्यावर राहतात असा पुरावा हवा. म्हातारी आई वर्षातले चार-पाच महिने त्याच्याकडे असते, पण आधारकार्डावर पत्ता मात्र आपल्या तालुक्यातला. भाऊ फोनवर म्हणाला, आईचा पत्ता पुण्याचा करून टाकू.

"साहेब, माय आम्हा दोघायची. आता कागद इचारते का माय राह्यते कुठं. करू का पत्ता?"

हसण्यावारी न्यावी अशी ही गोष्ट नव्हती. त्या माउलीला श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये मिळतात. ती मंजुरी पुसदच्या तहसील कचेरीची आहे. पत्ता पुण्याचा केला आणि उद्या हयातीच्या तपासणीच्या वेळी कोणी विचारले, बाई राहते कुठे, तर हेलपाटे कोणाला? पासावर वाचतील चारशे-पाचशे रुपये, आणि धोक्यात येईल दरमहाचा आधार. मी स्पष्ट सांगितले, माणूस वर्षातला जास्त काळ जिथे राहतो तोच पत्ता कागदावर असू द्या. एक दिवसाच्या मौजेसाठी तो हलवू नका. आईचे पूर्ण तिकीट काढा.

मात्र आई खरोखरच कायमची धाकट्याकडे राहायला गेली, तर पत्ता बदलणे योग्यच आहे, आणि त्यासाठी तिच्या नावाचे वीजबिल किंवा भाडेपट्टी लागत नाही. 2023 च्या जानेवारीपासून कुटुंबप्रमुखाच्या पत्त्यावरून घरच्या माणसाचा पत्ता बदलण्याची सोय आधारच्या संकेतस्थळावर झाली आहे. दोघांची नावे आणि नाते दाखवणारा एखादा कागद द्यायचा, जसे शिधापत्रिका, गुणपत्रिका, विवाहाचा दाखला. तोही नसेल तर कुटुंबप्रमुखाचे घोषणापत्र चालते. मग कुटुंबप्रमुखाने 30 दिवसांच्या आत संमती द्यायची. ती दिली नाही तर अर्ज रद्द होतो. अठरा वर्षांवरील कोणीही यासाठी कुटुंबप्रमुख होऊ शकतो, म्हणजे मुलगा आईसाठीही. आधारचा आकडा तोच राहतो, बदलतो तो फक्त पत्ता.

त्या वाचकांचे काम एवढ्यावर झाले. पण चहा पिताना त्यांच्या घरची शिधापत्रिका मी सहज पाहिली, आणि माझा चहा तसाच राहिला. घरात माणसे सात. कार्डावर नावे पाच. तीन वर्षांपूर्वी आलेली सून त्यात नाही, दोन वर्षांचा नातू नाही. सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डावर आहे. असे घर एकटे हेच नव्हे. गावोगाव फिरताना मला दर दहा-पाच घरांमागे एखादे तरी असे दिसते.

आता यात जाते काय ते पाहा. आपला यवतमाळ जिल्हा राज्याच्या चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. या जिल्ह्यांत जे केशरी कार्डधारक शेतकरी अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत नाहीत, त्यांना 2023 पासून धान्याऐवजी रोख रक्कम देण्याचे ठरले. आधी माणशी महिना 150 रुपये, 2024 च्या एप्रिलपासून 170. रक्कम माणशी आहे, हे ध्यानात घ्या. दोन नावे नाहीत म्हणजे महिन्याला 340 आणि वर्षाला 4,080 रुपये घरात येतच नाहीत. अन्नसुरक्षेच्या यादीतल्या घरांनाही धान्य माणशी 5 किलोच असते. फक्त अंत्योदयाला कार्डामागे 35 किलो.

पैशाचे एक वेळ सोडा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतो, आणि तिथे कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवरची नावे. माझ्या ओळखीच्या एका घरची सून बाळंतपणानंतर अत्यवस्थ झाली. दवाखान्यात कार्ड दाखवले तर तिचे नावच नाही. नवरा रात्री मोटारसायकलने सासरवाडीला गेला, तिच्या बापाचे कार्ड घेऊन पहाटे परतला. मुलगी वाचली. पण ती रात्र त्या पोराने कशी काढली, ते त्यालाच विचारावे.

म्हणून सून घरात आली की पहिले काम विवाह नोंदणीचे. 1998 च्या कायद्याने ही नोंदणी आपल्या ग्रामपंचायतीतच होते, तालुक्याला जावे लागत नाही. तो दाखला हाती आला की माहेरच्या कार्डावरून नाव कमी करून त्याचा दाखला घ्यायचा, आणि दोन्ही दाखले व आधार जोडून तहसिलीच्या पुरवठा शाखेत नाव वाढवण्याचा अर्ज द्यायचा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. बाळाला जन्मदाखला लागतो. पुष्कळ सासवा म्हणतात, घाई काय, एक लेकरू होऊ द्या मग टाकू नाव. आजीबाई, रागावू नका, पण 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने कार्डाची प्रमुख घरातली सर्वांत थोरली बाई, म्हणजे तुम्हीच आहात. तेव्हा हे काम तुमच्याच नावावर मांडतो. 2024 साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना नव्या सुनांची अशीच पंचाईत झाली होती. शेवटी विवाहाचा दाखला असेल तर नवऱ्याचे कार्ड चालेल, अशी सूट शासनाला द्यावी लागली. दरवेळी अशी सूट मिळेलच असे नाही.

आणखी एक घोटाळा भावाभावांत होतो. एकच वाडा, दोन चुली. एक म्हणतो आम्ही एकत्र, दुसरा म्हणतो वेगळे. खरी गोष्ट अशी की "कुटुंब" या शब्दाचा अर्थ दर योजनेला वेगळा आहे. रेशनला चूल पाहतात. पीएम किसानला नवरा, बायको आणि अज्ञान मुले एवढेच कुटुंब. भाऊ एका ताटात जेवत असले तरी 1 फेब्रुवारी 2019 पूर्वी ज्याच्या त्याच्या नावावर वेगळी जमीन असेल तर ज्याचा तो वेगळा लाभार्थी. उलट नवरा-बायको दोघांच्या नावावर शेत असले तरी 6,000 रुपये एकालाच. 2017 च्या कर्जमाफीत दीड लाखाची मर्यादा कुटुंबाला होती, 2019 च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांची मर्यादा एकेका खातेदाराला आली. त्यामुळे शेजाऱ्याला काय मिळाले यावरून भांडू नका, ती योजना कुटुंब कोणाला म्हणते ते आधी विचारा. आणि चूल खरोखर वेगळी असेल तर कार्डही वेगळे करून घ्या. लाभापुरती वेगळी दाखवाल तर तपासणीत दोन्ही भाऊ अडकाल.

ते वाचक जाताना विचारत होते, सून माहेरी गेली आहे, दिवाळीनंतर बघू का? मी म्हटले, माहेरी आहे तोवरच नाव कमी केल्याचा दाखला तिच्याच हाती मागवा, एक फेरी वाचेल. मंगळवारी दाखला आला. विवाह नोंदणी मात्र अजून व्हायची आहे, तीन साक्षीदार आणि लग्नपत्रिका शोधणे चालू आहे.

तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीबद्दल पुढच्या अंकात.