नकाशावरची रेघ आणि दारातले वादळ

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. या दिवसांत तेथील कित्येक घरांत अक्षांश-रेखांश आखलेला एक नकाशा हमखास सापडे. कधी तो वर्तमानपत्रातून मिळे, तर कधी किराणा दुकानाच्या कागदी पिशवीवर छापलेला असे. रेडिओवर दर सहा तासांनी वादळाचा ठावठिकाणा सांगितला जाई. घरातले हौशी लोक पेन्सिलीने ठिपका देत, ठिपके जोडत आणि रेघ कोणाकडे वळते ते पाहत.

अटलांटिकमधील चक्रीवादळाला तिकडे 'हरिकेन' म्हणतात. १९९२ सालचे 'अँड्र्यू' हे असेच एक वादळ. २० ऑगस्टला ते इतके क्षीण झाले होते की, आता विरणार असेच वाटावे. पण २२ तारखेला, शनिवारी, त्याचे हरिकेन झाले आणि सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास ते मायामीच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. हरिकेन केंद्राच्या छपरावरील रडार उडून गेले. तेथील वायुवेगमापकाने ताशी १६४ मैलांचा झोत नोंदवला आणि तोही बंद पडला.

मग वादळाचे खरे बळ कळले कसे? येथे हौशी मंडळी उपयोगी पडली. काही रहिवाशांनी त्या काळरात्री घरच्या वायुभारमापकावरील आकडे टिपून ठेवले होते. ती यंत्रे नंतर तपासली गेली आणि किनाऱ्यावर वादळाच्या केंद्रातील दाब ९२२ मिलिबार ठरला. एरवी तो १०१३ च्या आसपास असतो. एका गृहस्थांच्या यंत्राने तर ताशी २१२ मैलांचा झोत दाखवला. काही क्षणांतच त्यांच्या घराची वाऱ्याकडची भिंत कोसळली! पुढे त्याच जातीची यंत्रे प्रयोगशाळेत वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून पाहिली, तेव्हा ती वेग जास्त दाखवतात असे आढळले. खरा आकडा १७७ मैल, म्हणजे सुमारे २८५ किलोमीटर निघाला. दहा वर्षांनी, २००२ मध्ये, फेरतपासणी होऊन अँड्र्यूला पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत बसवण्यात आले.

तेव्हा ही हौस वाया जात नाही. मात्र तिच्यात एक धोका आहे. नकाशावरची रेघ बारीक असते, वादळ मात्र रुंद असते. रेघ आपल्या गावावरून जात नाही, म्हणून निर्धास्त राहणारा माणूस फसतो. वादळाचा 'डोळा' डोक्यावर आला की वारा एकाएकी पडतो. संपले असे समजून लोक बाहेर येतात आणि उलट दिशेचा वारा त्यांना गाठतो.

आपल्याकडेही हेच दिसले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आले, तेव्हा साऱ्यांचे डोळे मुंबईकडे लागले होते. मुंबई बचावली, पण रायगडमध्ये श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे काही तासांत गेली.

आता उपग्रहाची चित्रे हातातल्या मोबाइलवर दिसतात. मुलांना ती जरूर दाखवा, त्यांच्याबरोबर ठिपके जोडा. पण हवामान खात्याचा इशारा आला आणि घर सोडायला सांगितले की, पेन्सिल खाली ठेवा आणि आधी आजी-आजोबांची औषधे पिशवीत भरा.