लग्न मोडले म्हणून राहण्याचा हक्कही मोडावा काय?



परदेशी नागरिक असलेली एखादी स्त्री भारतीय नागरिकाशी लग्न करून अंधेरी, बोरिवली वा मुलुंडच्या सासरी नांदू लागते, तेव्हा तिच्या येथील वास्तव्याला कायद्याच्या दृष्टीने लग्न हाच एकमेव आधार असतो. परंतु हा आधार किती वर्षांनी स्वतंत्र व्हावा, याचे समाधानकारक उत्तर नागरिकत्व अधिनियम, १९५५ देत नाही. प्रारंभी तिला ‘एक्स’ वर्गाचा प्रवेश व्हिसा मिळतो आणि त्याची मुदत वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते. नोंदणी झालेला विवाह सलग दोन वर्षे टिकला की कलम ७अ नुसार तिला ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी पारपत्र कायम ठेवून भारतात मुदतीच्या बंधनाविना राहू देणाऱ्या नोंदणीसाठी, अर्ज करता येतो. या कार्डाने मतदानाचा हक्क मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तरीही अशा जोडीदारांसाठी कायमस्वरूपी निवासाचा वेगळा दर्जा आपल्या कायद्यात नसल्याने व्यवहारात त्याची जागा हेच कार्ड भरून काढते. (पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिकत्व स्वतःला किंवा पूर्वजांना असलेल्यांना ते मिळतच नाही, तो स्वतंत्र वादाचा विषय आहे.)

अडचण आहे ती कलम ७ड मध्ये. विवाहाच्या आधारे मिळालेले कार्ड घटस्फोट झाल्यास रद्द करण्याचा अधिकार या कलमाने केंद्र सरकारला दिला आहे, मग संसार तीन वर्षांचा असो वा तेवीस वर्षांचा. २०१९ च्या दुरुस्तीने कार्ड रद्द करण्यापूर्वी धारकाचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक केले हे खरे. पण घटस्फोटाचा हुकूमनामा हातात असलेल्या स्त्रीने त्या सुनावणीत सांगायचे तरी काय?

विसंगती याहून खोल आहे. पाच वर्षे कार्डधारक असलेली आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिलेली व्यक्ती कलम ५ नुसार नोंदणीने नागरिकत्व मागू शकते. म्हणजे जिला कायदा नागरिक करून घ्यायला तयार आहे, तिलाच तो लग्न संपताच साध्या कार्डालाही अपात्र ठरवू शकतो. मग तिने आधीच नागरिकत्व का घेतले नाही, असे कोणी विचारील. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे मान्य नसल्याने मूळ पारपत्र सोडावे लागते, आणि माहेरी वृद्ध आईवडील असलेल्या लेकीला त्यांच्या आजारपणात धावून जाण्यासाठी स्वतःच्याच जन्मभूमीचा व्हिसा मागण्याची वेळ येऊ शकते.

शिवाय भारतात जन्मलेले तिचे मूल, वडील भारतीय असल्याने आणि आईचे वास्तव्य कायदेशीर असल्याने, जन्मतःच भारतीय नागरिक ठरते. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात त्या मुलाच्या ताब्याचा वाद उभा राहिला, तर एका पक्षाचे या देशात राहणेच दुसऱ्याशी असलेल्या नात्यावर अवलंबून असते. मग तडजोडीच्या टेबलावर कोणाचे पारडे जड राहील, हे सांगायला ज्योतिषी नको.

कागदोपत्री लग्ने लावून कार्डे मिळवली जातील, ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु फसवणुकीने मिळवलेली नोंदणी रद्द करण्याची तरतूद कलम ७ड मध्येच वेगळी आहे, आणि जोडीदाराला कार्ड देण्यापूर्वी सुरक्षाविषयक तपासणीही सक्तीची आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासापुढे उपनगरांतील ज्या लेकी एच-४ व्हिसासाठी, म्हणजे नोकरदार पतीवर अवलंबून असलेल्या पत्नीच्या परवान्यासाठी, रांगेत उभ्या राहतात, त्यांचाही दर्जा घटस्फोटाने जातो आणि त्यावर आपल्याकडे रास्त हळहळ व्यक्त होते. मात्र विवाहाच्या आधारे सशर्त ग्रीन कार्ड मिळालेल्या स्त्रीला, विवाह प्रामाणिक हेतूने झाला होता हे सिद्ध केल्यास, घटस्फोटानंतरही अट काढून घेण्याचा अर्ज तेथे करता येतो. परदेशी सुनेला एवढेही न देणाऱ्या समाजाची ती हळहळ अर्धवटच म्हणावी लागेल.

पाच वर्षे कार्डधारक असलेल्या, किंवा भारतीय नागरिक असलेल्या अज्ञान अपत्याचे संगोपन करणाऱ्या पती वा पत्नीचे कार्ड केवळ घटस्फोटाच्या कारणावरून रद्द होणार नाही, अशी दुरुस्ती संसदेने कलम ७ड मध्ये करावी. तोवर परस्परसंमतीच्या अर्जावर सही करणाऱ्या परदेशी पत्नीला तिच्या वकिलाने हे कलम आधी वाचून दाखवावे आणि पोटगीचा आकडा नंतर ठरवावा.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)