त्यांचे चौकोन चित्र, आपले चौकोन ठिगळ

एम.ए.च्या पहिल्या वर्षी आईने शिवलेली गोधडी मी वसतिगृहातल्या खाटेखाली, ट्रंकेत दडवून ठेवली होती. वडिलांच्या विजारी, तिची जुनी लुगडी, ठिगळावर ठिगळ. खोलीतल्या मुलांसमोर ती पांघरायची लाज वाटायची. त्याच वर्षी वर्गासोबत एका कलादालनात गेलो. भिंतीवर नुसते चौकोन आणि पट्टे. ‘आपल्याला यातलं काही कळत नाही’ असं स्वतःला सांगत बाहेर पडलो.

ही भौमितिक अमूर्त चित्रकला. १९१५ मध्ये रशियात काझिमिर मालेविचने पांढऱ्यावर एक काळा चौकोन रंगवून प्रदर्शनात मांडला. पुढे पीट मोंद्रियानने काळ्या रेषा आणि लाल, पिवळा, निळा एवढ्यावर चित्रं उभी केली. माणूस नाही, झाड नाही. आकार आणि रंगांचा तोल हेच चित्र. झेप मोठी होती, ती मी नाकारत नाही. पण हाच तोल एखाद्या बाईने जुन्या कापडात साधला तर?

अमेरिकेतल्या अलाबामात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या अनेकांचं आडनाव पेटवे. ते मुळात त्यांच्या पूर्वजांना गुलाम ठेवणाऱ्या मळेमालकाचं. मतदार नोंदणीसाठी लोक नदीपलीकडे जाऊ लागले, तेव्हा १९६२ मध्ये तिथली फेरीबोट बंद झाली. पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडलं. या वस्तीतल्या बाया पिढ्यान् पिढ्या गोधड्या शिवत आल्या. चौकोनात चौकोन, वाकडे पट्टे, विटलेली निळाई. १९४२ मध्ये मिसुरी पेटवेने मेलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने अमेरिकी गोधड्या अमूर्त चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या. बहुतेकींच्या शिवणारणींची नावं मात्र नव्हती. २००२ मध्ये त्याच संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्या लागल्या, तेव्हा बायांची नावंही लागली. मधली ३१ वर्षं चौकोन बदलले नव्हते.

जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं. कलेतही तेच होतं. एकाच्या चौकोनाला विचार म्हणायचं, दुसरीच्या चौकोनाला गरज. जणू गरजेपोटी काम करणारी बाई विचार करतच नाही.

गेल्या सुट्टीत आईला विचारलं, ही तांबडी पट्टी इथेच का? म्हणाली, “आधी कडेला लावली होती. डोळ्याला खुपत होती. दोनदा उसवली.” ऊब तर पट्टी कुठेही लावली तरी तेवढीच मिळाली असती.

तिच्या गोधडीला नुसतं ‘सुंदर’ म्हणून भागणार नाही. तिची गरिबी सुंदर नव्हती. पण आपण शिकलोय, तर घरच्या बाईला एवढं विचारूया: हे असंच का केलंस? आणि तिचं उत्तर तिच्या नावासकट लिहून ठेवूया. कलादालनात ‘कळत नाही’ म्हणून मान खाली घालण्याआधी हेही आठवूया की रंगाशेजारी रंग कसा बसवतात, हे आपण कित्येक रात्री पांघरून झोपलोय.