केडगावचा माग आणि आपली शिलाई मशीन



दौंडहून पुण्याला कामासाठी जाणाऱ्या आपल्या कितीतरी माणसांना केडगाव स्टेशन रोज लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती मिशन’ आहे, हेही बहुतेकांना माहीत असते. पण तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काय घडले, हे आपल्या घरातल्या लेकीसुनांना ठाऊक आहे काय? ते ठाऊक असणे गरजेचे आहे. कारण आजही वस्तीत कोणी ना कोणी मदत घेऊन येतो आणि ती मदत कशी घ्यावी, हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, ब्राह्मण घरातला. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि बहीण गेली. उपास म्हणजे काय, हे त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. पुढे त्यांनी बंगालमधील एका शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील वकिलाशी लग्न केले. पती लवकर वारले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. त्यावरून पुण्यातील सनातन्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

१८८९ साली त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. अमेरिकेतील मंडळींनी त्याला दहा वर्षे पैसा देण्याचे कबूल केले होते. अकराव्या वर्षी काय? हा प्रश्न रमाबाईंनी वेळीच विचारला. मुदत संपण्याच्या आधीच त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. संस्था आपल्या पिकावर उभी राहावी, हा हेतू.

त्या जमिनीचा उपयोग वेगळ्याच प्रसंगी झाला. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई तिथे जाऊन सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, एवढ्या जणींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. त्या सगळ्या केडगावच्या रानात उतरल्या. १८९८ साली ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातहून आणखी आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इथे मात्र जात विचारली जात नव्हती. भुकेलेली आहे, निराधार आहे, एवढे पुरे होते.

दोन हजार तोंडांना नुसते धान्य वाटून किती दिवस निभले असते? म्हणून प्रत्येकीच्या हाताला काम दिले गेले. कोणी हातमागावर बसली, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी शेतात, कोणी गोठ्यात, कोणी शिवणकामात. अक्षरओळख झालेल्या मुली छापखान्यात खिळे जुळवू लागल्या, पुस्तके बांधू लागल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवले गेले. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच बायकांच्या हातांनी छापले गेले. ज्या मुलींना घरादाराने टाकले होते, त्या छापखाना चालवू लागल्या, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुक्तीमध्ये भाकरी आणि प्रार्थना वेगळ्या नव्हत्या. जी पोर उपाशी आली, जिला जायला दुसरे घर नाही, तिने धर्म स्वीकारला तर तो तिचा मोकळा निर्णय म्हणायचा काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला घोषणा केली आणि १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षांचा विचार होता. आपण पोटासाठी धम्म घेतलेला नाही. त्यामुळे मदत घेतानाही मान खाली घालण्याचे आपल्याला कारण नाही, आणि कोणी मदत केली म्हणून त्याच्याकडे संशयानेच पाहण्याचेही नाही.

आता जगाकडे पाहा. ब्रह्मदेशातील करेण लोक, त्यांत बौद्धही आहेत आणि ख्रिस्तीही, लष्कराच्या छळामुळे १९८४ पासून थायलंडच्या सरहद्दीवर छावण्यांत राहत आले. बाहेर काम करण्याची परवानगी नव्हती, सारा भरवसा परदेशी पैशावरच्या शिध्यावर. २०२५ साली तो पैसा आटला आणि बहुतेक कुटुंबांचा शिधा बंद झाला. त्यानंतर थायलंड सरकारने त्यांना छावणीबाहेर काम करू देण्याचा निर्णय घेतला. अंगात कसब होते, मागावर विणणाऱ्या बायका होत्या, पण कष्टाची मोकळीक चाळीस वर्षे नव्हती. रमाबाईंनी वेळीच विचारलेला प्रश्न त्यांच्यापुढे असा अचानक आला.

मग आपण यातून काय घ्यावे? रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या घरात उद्याचा भरवसा नसतो. अशा वेळी कोणी शिलाई मशीन देऊ केली, तर जरूर घ्या. पण चार गोष्टी विचारा. शिकवणार कोण? शिवलेला माल घेणार कोण? ही मदत किती वर्षांची? आणि बदल्यात काय अपेक्षा आहे? उत्तर सरळ मिळाले तर पुढे जा. मशीन एकटीच्या नावावर न पडता बचत गटाच्या नावावर असेल तर आणखी चांगले. मिळकतीतले थोडे दरमहा बाजूला टाका आणि हिशेबाची वही मुलीच्या हाती द्या, म्हणजे तीही शिकेल.

देणारा आज आहे, उद्या नसेल. हाताला लागलेले काम आणि डोक्यात शिरलेले अक्षर मात्र कोणी परत नेऊ शकत नाही.